हक्कसोडावर सही करण्याआधी

पंचमी आठ दिवसांवर आली. खुरपणी उरकली की लेकी माहेरी येतील, लिंबाला झोके बांधले जातील. आणि दरवर्षीसारखंच काही घरांत भाऊ हळूच म्हणेल, “अक्का, आलीच आहेस तर उद्या जरा तालुक्याला जाऊन येऊ. तुझी एक सही राहिलीय.” आजचं आमचं बोलणं त्या सहीबद्दल आहे.

आम्ही बचत गटांचं काम करतो. बैठका, हप्ते, बँकेची कर्जं हा आमचा विषय. जमिनीचे कागद आम्ही कधी हातात घेतले नव्हते. शेतीच्या योजनांना फार्मर आयडी लागू झाला, गटातल्या बायका आधार कार्ड घेऊन केंद्रावर गेल्या आणि तशाच परत आल्या. सातबाऱ्यावर नावच नाही, तर आयडी कशाचा निघणार? पहाटे उठून हळद उकडणारी, वाळवणारी, सोयाबीन कापणारी बाई कागदावर शेतकरी नव्हती. मग आम्ही एका बैठकीला सगळ्यांना घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन या म्हणून सांगितलं. गोल बसून एकेक उतारा मोठ्यानं वाचला. कुणाच्या उताऱ्यावर सासरा, तो वारून किती वर्षं झाली. कुणाच्या उताऱ्यावर एकटा थोरला दीर. बायकोचं, आईचं, बहिणीचं नाव मोजक्याच कागदांवर.

मेलेल्या माणसांच्या नावावर जमिनी राहतात, हे सरकारलाही दिसलं. महसूल खात्यानं 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली. आधी शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली, मग 1 एप्रिलपासून राज्यभर. तलाठ्यानं चावडीवर वाचन करायचं, वारलेल्या खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि नावं लावायची. काही बायकांना वाटतं की मोहीम संपली, आता आपलं राहिलं ते राहिलं. तसं नाही. वारस नोंद कधीही करता येते. कायद्यानं हक्क मिळाल्यापासून 3 महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तलाठ्याच्या पाटीवर आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लिहिलेलं दिसेल, माणूस तोच.

नावं कुणाकुणाची लागतात? समजा वडिलांच्या नावावर 8 एकर होती आणि ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. तर चौघांना सारखे, दोन-दोन एकर. बहिणीचं लग्न झालेलं असो, नसो. आईला मुलांइतकाच वाटा. आजी, म्हणजे वारलेल्याची आई हयात असेल तर तिचाही एक वाटा, मग पाच वाटे होतात. हे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात आहे. बौद्ध, जैन, शीख बहिणींनाही तोच कायदा लागू होतो.

“पण ही वडिलोपार्जित आहे, तुझ्या लग्नात खर्च झाला, तुला कसला वाटा?” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. महाराष्ट्रानं 1994 मध्येच लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, फक्त त्याआधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या होत्या. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्यानं मुलगी मुलासारखीच जन्मानं हिस्सेदार झाली. तेव्हा वडील हयात असायला हवे होते का, यावर कोर्टात वर्षानुवर्षं भांडणं चालली. विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी निकाल दिला की वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. एक अडचण मात्र राहते. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. आणि लग्नातला खर्च हा वाटा नव्हे, असं आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाली, “मग भावाच्या लग्नाचा खर्च कुणी वजा केला?” आम्हाला याच्यापेक्षा चांगलं सांगता आलं नसतं.

मुस्लिम बहिणींचे वाटे त्यांच्या वैयक्तिक कायद्यानं ठरतात. त्यात मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा आणि मुलीला मुलाच्या निम्मा. कळमनुरी, औंढा भागातल्या आंध आदिवासी बहिणींना हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही. त्यांनी गावातल्या कुणाच्या सांगण्यावर न जाता वकिलाचा सल्ला घ्यावा. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा.

वारस नोंदीला लागतं काय? मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-वय-पत्ते लिहिलेला अर्ज आणि स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटील किंवा सरपंचाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, चालू सातबारा आणि आठ-अ. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्ज होतो, सेवा केंद्रावर करून देतात. याला स्टॅम्प लागत नाही. कुणी “वारसाचा स्टॅम्प” म्हणून पैसे मागत असेल तर पावती मागा, पैसे आपोआप कमी होतात.

अर्जात सगळ्या वारसांची नावं लिहायची, हे इथं महत्त्वाचं. घोळ बहुतेक इथंच होतो. भाऊ अर्ज करतो, त्यात फक्त भावांची नावं. किंवा नाव लागतं, पण भलत्या जागी. सातबाऱ्यावर एक जागा कब्जेदाराची, म्हणजे भोगवटादाराची असते आणि दुसरी ‘इतर हक्क’ नावाची. आमच्या गटातली एक ताई मोठ्या आनंदानं म्हणाली, “माझं नाव आहे बघा.” बघितलं तर भाऊ कब्जेदार आणि ती, तिची बहीण, म्हातारी आई, तिघी ‘इतर हक्कात’. सोसायटीचा बोजाही तिथंच खाली लिहिलेला. वारसाचं नाव कब्जेदाराच्या जागी लागलं पाहिजे. इतर हक्कात नाव गेलं म्हणून हिस्सा बुडत नाही, पण पीक कर्ज, विमा, अनुदान यांत आपण दिसत नाही आणि घरच्यांनाही हळूहळू वाटायला लागतं की ही पाहुणी आहे. त्या ताईनं फेरफाराची नक्कल काढली, तिघींना वारस म्हणून घेतल्याचं त्यातच लिहिलेलं होतं. आता दुरुस्तीचा अर्ज दिलाय. अजून काम झालेलं नाही, आम्ही मागे लागलो आहोत.

दुसरी खूण म्हणजे नावापुढे ‘ए.कु.क.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं. एकत्र कुटुंब कर्ता, एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी वडील वारले की थोरल्याचं एकट्याचं नाव असं लावायची पद्धत होती. याचा अर्थ जमीन थोरल्याची झाली असा नाही, तो सगळ्यांच्या वतीनं आहे. पण पुढच्या पिढीला ते कोण सांगणार? थोरला वारला की त्याच्याच मुलांची नावं चढतात आणि बाकीची भावंडं कागदावरून नाहीशी होतात. उताऱ्यावर ही अक्षरं दिसली तर जुना फेरफार काढा. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर गोलात छापलेले असतात, तो नंबर सांगितला की नक्कल मिळते.

नोंद होताना तलाठ्यानं संबंधित सगळ्यांना नोटीस द्यायची असते आणि चावडीवर लावायची असते. हरकत घ्यायला नोटिशीपासून 15 दिवस. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचे चालू फेरफार घरबसल्या दिसतात. शिकलेल्या मुलीला महिन्यातून एकदा बघायला लावा. हरकत तोंडी सांगू नका. साध्या कागदावर लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोच घ्या. हरकत आली की प्रकरण तक्रारीच्या नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी होते. निकाल पटला नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताकडे 60 दिवसांत अपील. आणि एवढं होऊनही सातबारा हा महसुलाचा कागद आहे, मालकीचा शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचा. नाव नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही, आणि एकट्याचं नाव आहे म्हणून सगळं त्याचं असंही होत नाही.

आता त्या सहीकडे येऊ. भाऊ तालुक्याला नेतो, ती सही बहुतेक हक्कसोडपत्राची असते. दुय्यम निबंधकापुढे जाऊन, फोटो काढून, अंगठा देऊन आपण लिहून देतो की या मिळकतीतला माझा हक्क मी भावाच्या नावे कायमचा सोडला. जवळच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीला स्टॅम्प अगदी थोडा लागतो, म्हणून हा रस्ता सोपा आहे. सोपा आहे म्हणून किरकोळ नाही. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र रद्द करायचं तर दिवाणी दावा करावा लागतो, फसवणूक सिद्ध करावी लागते, आणि फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांत. दारात साडी-चोळी मिळाली, फोटो निघाला, सगळे हॉटेलात जेवले, हे सगळं कोर्टात “राजीखुशीनं दिलं” याचा पुरावा होतं.

आम्ही तुम्हाला भावाशी भांडा असं सांगत नाही. माहेर काय असतं ते आम्हालाही माहीत आहे. आमच्यापैकी काहींनी स्वतः हक्कसोड दिलंय, समजून-उमजून दिलंय, आणि त्याचा पस्तावा नाही. भाऊ कर्जात आहे, जमीन अडीच एकर, आपलं सासरी बरं चाललंय, अशा वेळी बहिणीनं सोडलं तर तो तिचा मोठेपणा. पण “बँकेच्या कर्जाला सही लागते”, “वारसाची सही आहे”, “मोजणीची सही आहे” असं सांगून हक्कसोड घेतलं जातं, तिथं मोठेपणा नाही. कागद आधी घरी मागा. एक रात्र घरी ठेवा. जिला वाचता येतं तिच्याकडून वाचून घ्या. वरती ठळक काय लिहिलंय ते पाहा: हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, खरेदीखत की मुखत्यारपत्र. कोणता गट नंबर, किती क्षेत्र, कुणाच्या नावे. खूपदा एका गटाचं बोलणं होतं आणि कागदात सगळे गट आणि गावठाणातलं घरसुद्धा असतं.

साध्या कागदावर किंवा तलाठ्यापुढच्या जबाबात “मला हिस्सा नको” असं लिहून दिलं असेल, तर ते नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र नाही. अशा कागदावरून तुमचं नाव कमी केलं असेल तर वकिलाला दाखवा, अजून वाट असू शकते.

आणि सोडायचंच असेल तर थोडं मागूनही सोडता येतं. सगळं द्यायलाच हवं असं कुठं आहे? अर्धा एकर ठेवा. किंवा नाव राहू द्या आणि कसायला भावाला द्या. “माझं नाव असू दे, मी वाटा मागत नाही” हे बहिणीचं बोलणं भावाला आवडत नसेल, तर का आवडत नाही तेही त्याला विचारा.

बहिणींपेक्षाही आम्हाला जास्त काळजी वाटते ती आयांची. नवरा गेल्यावर आई मुलांच्या नावे हक्कसोड देते, कारण “मला काय करायचंय आता, सगळं त्यांचंच.” वर्षभरात दोन्ही मुलं वेगळी राहतात आणि म्हातारी पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. गटाच्या बैठकीत अशी एक काकू चहाचा कप हातात धरून रडली. तिच्या वाट्याची दोन एकर तिच्या नावावर असती तर ती बटईनं देऊन वर्षाचं धान्य तिच्या घरात आलं असतं आणि सुनाही गोड बोलल्या असत्या. हे बोलायला कडू आहे, पण रोज पाहतो म्हणून सांगतो. म्हणून आयांनो, मरेपर्यंत आपला वाटा आपल्या नावावर ठेवा. तुमच्यामागे तो मुलांनाच जाणार आहे. द्यायचाच असेल तर मृत्युपत्र करा, ते हयातीत कितीही वेळा बदलता येतं. आणि बक्षीसपत्रच करून द्यायचं ठरवलं तर त्यात “मला आयुष्यभर सांभाळायचं, औषधपाणी करायचं” ही अट लिहूनच घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे 60 वर्षांवरच्या आईनं अशा अटीवर दिलेली मिळकत, मुलगा सांभाळत नसेल तर, प्रांताच्या न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. अट कागदात नसेल तर हे काम फार अवघड होतं. तोंडी वचनाला तिथं किंमत नाही.

आता ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम करायचं आम्ही ठरवलं त्या बहिणींबद्दल. आपल्या भागात नवरा कर्जापायी गेला, अशा घरांत पंचविशी-तिशीतल्या बाया आहेत. जमीन सासऱ्याच्या नावावर. महिला किसान अधिकार मंचानं 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा 505 बायकांशी बोलून अभ्यास केला, तेव्हा सुमारे 40 टक्के बायकांना शेतजमिनीवरचा हक्क मिळालेलाच नव्हता. पुढच्या वर्षी, जून 2019 मध्ये, राज्य सरकारनं अशा कुटुंबांतल्या बायकांच्या वारस नोंदींत मदत करा असा शासन निर्णय काढला. नोंदीसाठी जाताना त्याचा उल्लेख अर्जात करा, उपयोग होतो.

सासऱ्याच्या नावावरची जमीन वडिलोपार्जित असेल तर तुमच्या नवऱ्याचा तिच्यात हिस्सा होता, आणि तो हिस्सा तुम्हाला, तुमच्या लेकरांना आणि सासूला मिळतो. लेकरांचा तर जन्मानंच आहे. जमीन सासऱ्यानं स्वतः घेतलेली असेल तर सासरा हयात असेपर्यंत मागता येत नाही, पण तो मृत्युपत्र न करता वारला तर मयत मुलाची विधवा म्हणून तुम्ही आणि तुमची मुलं वारस असता. तेव्हा पहिलं काम, जमीन सासऱ्याकडे कशी आली ते शोधायचं. जुने फेरफार इथंही कामाला येतात.

“दुसरं लग्न केलं तर हक्क गेला” असं सांगून धमकावलं जातं. नवऱ्याकडून वारसानं आलेला हिस्सा पुनर्लग्नानं परत जात नाही. आणि घराबाहेर काढलं तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं सासरच्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो, घर कुणाच्याही नावावर असलं तरी. संरक्षण अधिकारी हे काम बघतात. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, फोन 15100.

नवरा हयात आहे आणि चांगला आहे, अशा बहिणी म्हणतील, आमचं काय? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीची चळवळ केली, गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्यानंतर 1992 मध्ये सरकारनं लक्ष्मी मुक्ती योजना आणली. नवऱ्यानं स्वतः तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ती नोंद अजूनही होते, फक्त नवऱ्याच्या मनात पाहिजे. घराचंही तसंच. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नवरा-बायको दोघांचं नाव लावायचा शासन निर्णय 2003 चा आहे. ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन सनद मिळते तिथं तर डोळ्यात तेल घालून नाव बघा, कारण नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे आणि सनदेला त्यापेक्षा वजन आहे.

घेणाऱ्या-देणाऱ्या बहिणींसाठी दोनच गोष्टी, वेळ संपत आलाय. गटाचं कर्ज काढून रस्त्याकडेला गुंठाभर जागा शंभराच्या बाँडवर घेऊ नका. नोटरी केलेल्या बाँडनं मालकी येत नाही, आणि शेतजमिनीचा लहान तुकडा विकायला तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. त्याचे नियम अलीकडे बदलत आहेत, म्हणून पैसे देण्याआधी तहसीलमध्ये विचारा. उताऱ्यावर ‘वर्ग-2’ किंवा इनाम असं असेल तर आपल्या मराठवाड्यात तिथं निजामाच्या काळापासूनचे गुंते असतात, परवानगीशिवाय व्यवहार करू नका. आणि शेत बटईनं किंवा ठोक्यानं देणाऱ्या विधवा बहिणींनो, किती वर्षांसाठी, किती पैशांत, हे कागदावर लिहा, दोन साक्षीदार घ्या, आणि ई-पीक पाहणीत कुणाच्या नावानं पीक नोंदवलं जातं ते बघा.

एक राहिलं. माहेरच्या वारस नोंदीला जाताना बऱ्याच जणींची अडवणूक नावावरून होते. वडिलांच्या कागदात ‘सुमन’, आधारवर सासरचं नाव ‘संगीता’, आणि आडनावही बदललेलं. अर्जात दोन्ही नावं लिहा, “लग्नाआधीचं नाव अमुक, आताचं नाव तमुक”, आणि सोबत लग्नाचा दाखला किंवा शाळेचा दाखला आणि एक प्रतिज्ञापत्र जोडा. शाळेचा दाखला माहेरच्या गावातच मिळतो. पंचमीला जाल तेव्हा शाळेत जाऊन आणा, आणि येताना सेवा केंद्रावरून वडिलांच्या नावाचा सातबाराही घ्या. डिजिटल सहीच्या उताऱ्याला सरकारी फी 15 रुपये आहे. पुढच्या बैठकीला दोन्ही कागद पिशवीत घालून या, आपण मिळून वाचू.